तंबाखूच्या मुलखात बिडी सोडलेला माणूस

कोल्हापूरहून बेळगावच्या वाटेला लागले की कागल मागे पडते. दूधगंगा ओलांडली की कोगनोळीला कर्नाटकाची हद्द लागते आणि थोड्याच वेळात निपाणी येते. सगळा मिळून चाळीसेक किलोमीटरचा रस्ता. राज्य बदलले तरी बोली तीच, भाकरी तीच आणि पाहुण्याला ‘बसा की वो’ म्हणण्याची रीतही तीच. दुकानांच्या पाट्यांवर कानडी अक्षरे दिसू लागतात, एवढाच काय तो फरक. गावाच्या दक्षिणेला तवंदीचा घाट आहे आणि त्याच वाटेवर स्तवनिधीचे जैन क्षेत्र. पावसाळ्यात हा मुलूख नुसता हिरवागार असतो. पण निपाणीची खरी ओळख करून घ्यायची तर माघात जावे. त्या दिवसांत रानारानांत तंबाखू कापून पडलेली असते आणि गाव डोळ्यांना दिसण्याआधी नाकाला कळते.

आपल्या खेड्यापाड्यांतल्या माणसाच्या खिशात जो बिडीचा कट्टा असतो, त्यातली तंबाखू ज्या काळ्या रानांत पिकते, त्यांतले हे एक मोठे रान. ते बघावे, आणि त्याच रानात जन्म काढून ज्यांनी बिडी सोडली अशा कुणाला भेटावे, असे बरेच दिवस मनात होते. शहरात राहून बिडी सोडणे वेगळे. इथे बांधावर तंबाखू, अंगणात तंबाखू, अंगावरच्या कपड्यांना तिचाच वास. हलवायाच्या घरात राहून गोड सोडावे, तशातली गोष्ट.

रानातली तंबाखू

तंबाखूचे बी मोहरीपेक्षाही बारीक. पावसाळ्याच्या सुरुवातीला वाफ्यात तरू टाकतात आणि पुढे पाऊस उतरणीला लागला की रोपे रानात लावतात. काळ्या जमिनीतल्या ओलीवर हे पीक येते. झाड फुलावर आले की शेंडा खुडायचा आणि बगलेतले फुटवे काढत राहायचे. शेंडा खुडला की झाडाची ताकद फुलाबियांत न जाता पानांत उतरते. पान जाड होते आणि तिखट होते. पुढे पानांवर तांबूस ठिपके दिसू लागले की पीक कापणीला आले. कापलेली तंबाखू रानातच उन्हात वाळते.

तिचा तिखटपणा म्हणजे निकोटिन. ते झाडाच्या मुळांत तयार होते आणि पानांत साठते. झाडाने ते आपल्यासाठी केलेले नाही. कीड लागू नये म्हणून केलेले आहे. आपल्या वाडवडिलांना हे ठाऊक होते. मावा पडला की तंबाखूचा काढा करून पिकावर मारण्याची रीत जुनी आहे. जो काढा किड्याला मारतो, त्याच पानाचा धूर माणूस छातीत ओढतो, हे एकदा शांतपणे ध्यानात घेण्यासारखे आहे. पान ओले असताना काम केले तर हे निकोटिन कातडीवाटेही अंगात जाते. मग मळमळते, उलट्या होतात, डोके गरगरते. कधी बिडीला हात न लावलेल्या बायाबापड्यांनाही हा त्रास होतो.

वखारी आणि हमरस्ता

वाळलेली तंबाखू गावातल्या वखारींत जाते. उंच भिंती, पत्र्याचे छप्पर आणि आत सगळा खकाणा. नवखा माणूस दारात उभा राहिला तरी शिंकून बेजार होतो. तिथे पिढ्यान्‌पिढ्या बायका तंबाखू चाळत, पाखडत, काड्या आणि शिरा वेगळ्या करत आल्या. तोंडाला पदर बांधायचा आणि दिवसभर तो खकाणा सोसायचा. या बायकांनी पुढे संघटना बांधली, मजुरीसाठी भांडल्या. बंगळूरच्या ‘युगांतर’ या स्त्रियांच्या गटाने १९८२ साली त्यांच्यावर माहितीपट केला.

शेतकऱ्याचे दुःख वेगळे होते. पीक त्याचे, पण भाव व्यापाऱ्याच्या हातात. तंबाखूला भाव मिळावा म्हणून मार्च १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी निपाणीजवळ पुणे-बंगळूर हमरस्त्यावर ठाण मांडून बसले. ६ एप्रिलला गोळीबार झाला आणि शेतकऱ्यांचे प्राण गेले. आज त्या रस्त्यावरून गाड्या भरधाव जातात. ज्या पिकापायी माणसांनी रक्त सांडले, ते पीक वाईट म्हणून मोकळे होणे सोपे नाही, हे इथे आल्यावर समजते. बिडीच्या निंदेचे चार शब्द लिहिण्याआधी ते समजून घ्यावे.

वखारीतून निघालेली तंबाखू बिडीत जाते. तिला गुंडाळायला टेंभुर्णीचे पान लागते. ते गडचिरोली, गोंदिया, मध्य प्रदेश अशा जंगलांतून उन्हाळ्यात तोडून आणतात. मांडीवर सूप, सुपात भिजवलेली पाने, कात्री आणि दोरा घेऊन बायका हजाराच्या हिशोबाने बिड्या वळतात. बिडीत तंबाखू सिगारेटच्या निम्म्याहूनही कमी असते. म्हणून ‘बिडी हलकी, नुसतं पानच तर आहे’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण हे पान धड जळत नाही. बिडी विझू नये म्हणून ती वारंवार आणि जोराने ओढावी लागते. त्यामुळे निकोटिन, डांबर आणि कोळशाचा विषारी वायू सिगारेटपेक्षा कमी जात नाही. बिडी स्वस्त आहे, हलकी मात्र नाही.

बांधावरची भेट

गावाबाहेर एका रानात तंबाखू उलटीपालटी करत असलेले एक म्हातारे गृहस्थ भेटले. वय अडुसष्ट. अंगात बंडी, डोक्याला टॉवेल. ओळखदेख झाली, तशी त्यांनी लिंबाखाली पोते अंथरले, तांब्याभर पाणी दिले आणि कोपरीच्या खिशातून मूठभर फुटाणे काढून पुढे केले.

‘‘पूर्वी कट्टा काडत होतो. आता ह्ये,’’ ते हसून म्हणाले.

चाळीस वर्षे त्यांनी बिडी ओढली, दिवसाला एक कट्टा. सोडून आठ वर्षे झाली. ‘‘मामा, सुटली कशी?’’ असे विचारल्यावर त्यांनी हातातले काम बाजूला ठेवले.

‘‘तीन खेपा लागल्या बगा, पावणं. पैल्या खेपेला शपथ घेतली. देवाच्या दारात कट्टा ठेवला आन् घरी आलो. चौथ्या दिवशी रातच्याला लाईट आली. मोटर चालू करून पाण्यावर बसलो. थंडी ही. शेजारच्यानं बिडी पुढं केली. झालं! दुसऱ्या खेपेला म्हटलं, हळूहळू कमी करू. पंचवीसच्या पंधरा केल्या. भाच्याच्या लग्नात पुन्हा पंचवीस.’’

तिसरी खेप त्यांनी नव्हे, त्यांच्या घरातून सुरू झाली. मामींना लहानपणापासून मिश्री लावायची सवय. एकदा गावात तपासणीचे शिबिर झाले. डॉक्टरांनी तोंडात बघितले, तर गालाच्या आतल्या बाजूला पांढरा चट्टा. तुकडा काढून तपासला. कर्करोग नव्हता, पण मिश्री चालू राहिली तर पुढे होऊ शकतो, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. घरी आल्यावर मामांनी मिश्री सोडायचा हुकूम केला. मामींनी चुलीपुढे बसल्याबसल्या उत्तर दिले, ‘‘तुमची बिडी ज्या दिवशी इझंल, त्या दिवशी माझी मिश्री इझंल.’’

‘‘काय बोलायचं वो ह्याच्यावर?’’ मामा म्हणाले. ‘‘खरंच हुतं तिचं.’’

या खेपेला त्यांनी शपथ घेतली नाही. आधी हिशोब केला. सकाळी डाव्या खिशात पंचवीस जोंधळ्याचे दाणे घालायचे. एक बिडी ओढली की एक दाणा उजव्या खिशात. रात्री जेवण झाले की मामींसमोर बसून दाणे मोजायचे आणि कुठली बिडी कशापायी ओढली ते आठवायचे. आठवडाभर असे केले. तेव्हा त्यांना दिसले, की खऱ्या तलफेच्या बिड्या आठ-दहाच. सकाळी उठल्यावरची, चहानंतरची, जेवणानंतरची, रात्री पाण्यावरची. बाकीच्या पंधरा बिड्या तलफेच्या नव्हत्याच.

‘‘मग कसल्या?’’

‘‘बसायच्या!’’ मामा म्हणाले. ‘‘कामाला आलेला गडी नुसता बसला, तर मालक म्हणतो, काय रं, बसलास? पर बिडी काडून बसला, तर कोन काय म्हनत न्हाई. बिडी म्हंजे बसायची चिठ्ठी. न बिडी प्येनाऱ्याला दम खायची बी चोरी. आमी बिडी सोडायला जात हुतो आन् बसायचंच सोडत हुतो. अंग आंबून जायचं. मग पुन्यांदा बिडी.’’

तिसऱ्या खेपेला त्यांनी बिडी सोडली, बसणे सोडले नाही. ज्या ज्या वेळी बिडीला बसत, त्या त्या वेळी त्याच बांधावर जाऊन बसायचे. पाण्याचा तांब्या जवळ, खिशात फुटाणे. तेवढाच वेळ बसायचे आणि उठायचे. गडीमाणसांनाही सांगून ठेवले, ‘बिडी असू दे वा नसू दे, माझ्यासंगं सगळ्यांनी बसायचं.’

दिवसही विचार करून धरला. अमावास्येला औत नसते, माणूस रिकामा असतो, म्हणून अमावास्या नको. दुसऱ्या दिवशी, पाडव्याला सकाळी बिडी बंद. आदल्या रात्री घरातल्या काड्यापेट्यांपैकी चुलीजवळची एक ठेवून बाकीच्या शेजारी दिल्या. उरलेला कट्टा आणि मामींची मिश्रीची डबी, दोन्ही उकिरड्यात पुरली. चावडीपुढे चार माणसांत सांगून टाकले, की मी बिडी सोडली आहे, कुणी पुढे करू नका.

‘‘पैलं तीन दिवस लई वंगाळ,’’ ते सांगत होते. ‘‘डोस्कं दुखायचं, पोट साफ हुईना, बारक्यासारक्या कारनानं राग. हिच्यावर वरडायचो, ही माझ्यावर वरडायची. सुना म्हनायच्या, दोघांस्नी बिडी-मिश्री द्या आन् घर शांत ठेवा! पर तलप आली तरी ती टिकत न्हाई, ह्ये मला घावलं. पान्याची लाट याची तशी येती, जरा वेळ हलवती, आन् जाती. तेवढा वेळ काडायचा. हात कामात ठेवायचा, न्हाईतर फुटानं.’’

दोन आठवड्यांनी खोकला उलट वाढला, तेव्हा ते घाबरले. डॉक्टरांनी समजावले, की छातीतली झाडलोट पुन्हा सुरू झाली आहे, साचलेले बाहेर पडते आहे. महिन्या-दोन महिन्यांत खोकला गेला. आता ते लिंबापासून विहिरीपर्यंतची चढण न थांबता चढतात.

मामींचे काम अधिक अवघड गेले, असे मामा स्वतःच म्हणाले. मिश्री न लावता तोंड धुतले, तर दात धुतल्यासारखेच वाटत नसे. माहेरी गेल्या की भावजया डबी पुढे करत. दोनदा पुन्हा लागली, पुन्हा सोडली. मामांनी एकदाही टोमणा मारला नाही. आता त्या बाभळीच्या काडीने दात घासतात आणि दर सहा महिन्यांनी तोंड दाखवून येतात. चट्टा पुष्कळ फिका झाला आहे.

रानाचीही सवय

शेवटी जो प्रश्न मनात होता, तो विचारला. ‘‘मामा, बिडी सोडली, मग रानात तंबाखू कशी?’’

ते रागावले नाहीत. त्यांनी बोटाने खालचे रान दाखवले. तिथे ऊस उभा होता. पाणी आले तसे या भागात पुष्कळ तंबाखूच्या रानांत ऊस आला, कुठे सोयाबीन आले. मामांच्याही चार एकरांपैकी तीन एकर तंबाखूतून निघाले आहेत. वरच्या एकरभराला पाणी पोचत नाही.

‘‘माझ्या बानं ह्या रानात तंबाखू लावली. पोरींची लग्नं हिच्यावर झाली. ओलीवर येनारं आन् रोख पैसा देनारं दुसरं पीक घावलं, की ह्ये बी सोडीन. मानसाला तीन खेपा लागल्या. रानाला जरा जास्ती लागतील.’’

एवढे बोलून ते पुन्हा कामाला लागले. रान काय आणि माणूस काय, जुनी सवय नुसती उपटून निघत नाही. तिच्या जागी काहीतरी लावावे लागते. वखारीतल्या आणि बिड्या वळणाऱ्या बायकांचेही तेच. त्यांच्या हाताला दुसरे काम मिळाल्याशिवाय त्यांनी सूप खाली ठेवावे, असे कुणी म्हणू नये.

आपल्या घरासाठी

वाचकहो, ही गोष्ट एका निपाणीची नाही. २०१६-१७ साली झालेल्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी २६.६ टक्के लोक कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरत होते. ओढणारे ३.८ टक्के आणि खाणारे-लावणारे २४.४ टक्के, काहीजण दोन्ही करणारे. म्हणजे आपल्याकडे धुरापेक्षा चुना-तंबाखू आणि मिश्रीचा फास मोठा. म्हणूनच बिडी सोडून तंबाखू मळायला लागणे म्हणजे सोडणे नव्हे. सुपारीही नको, तिनेही तोंडाचा कर्करोग होतो.

‘आता साठी उलटली, सोडून काय मिळणार?’ असे म्हणणारे पारावर पुष्कळ भेटतात. त्यांच्यासाठी एक पक्की माहिती आहे. रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमधल्या डॉक्टरांच्याच सवयींचा १९५१ पासून पन्नास वर्षे अभ्यास केला आणि २००४ साली त्याचे निष्कर्ष मांडले. सिगारेट ओढत राहणाऱ्यांच्या मानाने, तिशीत सोडणाऱ्यांना सरासरी दहा वर्षे अधिक आयुष्य मिळाले, चाळिशीत सोडणाऱ्यांना नऊ, पन्नाशीत सोडणाऱ्यांना सहा आणि साठीत सोडणाऱ्यांनासुद्धा तीन वर्षे. तीन वर्षांत नातवाची शाळा सुरू झालेली बघता येते.

फायदा वाट बघायला लावत नाही. शेवटच्या बिडीनंतर दिवसभरातच रक्तातला तो विषारी वायू उतरतो. वर्षभरात, बिडीने वाढलेला हृदयविकाराचा धोका निम्म्यावर येतो. त्रास सर्वांत जास्त पहिल्या आठवड्यात आणि बहुधा महिन्याभरात ओसरतो. ज्यांना सकाळी उठल्याउठल्या बिडी लागते, त्यांचे व्यसन खोल रुजलेले असते. त्यांनी एकट्याने झगडत बसू नये. निकोटिन असलेले चघळायचे औषध मिळते, इतर औषधेही आहेत. ती डॉक्टरांना विचारून घ्यावीत. जिल्हा रुग्णालयात व्यसन सोडवण्यासाठी सल्ला मिळतो. १८००-११-२३५६ हा केंद्र सरकारचा मोफत दूरध्वनी आहे; बिडीच्या बंडलावरही तो छापलेला असतो. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड उघडायला त्रास, असे काही दिसले तर मात्र घरगुती उपायांत वेळ घालवू नये, लगेच दाखवावे.

घरच्या मंडळींना एक सांगणे आहे. सोडणारा माणूस पहिले काही दिवस चिडेल, तेव्हा भांडण वाढवू नका. पुन्हा एखादी बिडी ओढली, तर ‘आम्हाला ठाऊकच होते’ असे म्हणू नका. बहुतेकांची बिडी पहिल्या खेपेला सुटत नाही. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या खेपेला सुटते. घरात दोघांना सवय असेल, तर दोघांनी एकाच दिवशी सोडावी. दिवसाला एक कट्टा म्हणजे वर्षाला तीनशे पासष्ट कट्टे. आपल्या गावातल्या भावाने त्याचा हिशोब करून ते पैसे वेगळ्या डब्यात टाकावेत. दिवाळीला डबा मुलांसमोर उघडावा.

आणि ज्यांच्या रानात गडीमाणसे राबतात, त्यांनी एवढे करावे. बिडी काढली तरच बसता येते, ही रीत मोडावी. न ओढणाऱ्यालाही तेवढाच दम खाऊ द्यावा. बांधावर पाण्याचा तांब्या आणि शेरभर फुटाणे ठेवायला फार खर्च येत नाही.